नदीपलीकडचे तेलताड

फार जुनी गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या घनदाट जंगलात, एका रुंद नदीच्या काठी लाल शेपटीच्या करड्या पोपटांचा थवा राहायचा. एका वर्षी त्यांच्या तेलताडांना फळच धरलं नाही. पिल्लं भुकेनं कासावीस झाली.

"नदीपलीकडे ताड दिसतात की!" तरणी धुमी म्हणाली.

"दिसतात, पण ते दुसऱ्यांचे आहेत," थव्यातला म्हातारा भुराजी म्हणाला. "गेलीस तर पिसं उपटून परत पाठवतील."

धुमीला राहवेना. तिनं पंख पसरले आणि निघाली! खाली नुसतं पाणीच पाणी, समोरून वारा. पंख भरून आले, तरी ती पोचली. बघते तर काय, केशरी फळांचे घोसच्या घोस लगडलेले! ती चोच लावणार, तोच चारी बाजूंनी करडे पोपट येऊन बसले. धुमीनं चोच मागे घेतली.

त्यांच्यातली एक म्हातारी पुढे सरकली. "कुठली गं तू?"

"पलीकडची. आमची पिल्लं उपाशी आहेत."

"अगं, मग एकटीच काय आलीस?" म्हातारी कडाडली. "जा, आधी त्यांना घेऊन ये!"

धुमी कशी उडाली ते तिचं तिलाच कळलं नाही. उन्हं कलायच्या आत सगळा थवा पिल्लांना मध्ये घेऊन, शिट्ट्या मारत नदी ओलांडून आला. ताडांवर एकच कल्ला झाला! भुराजी मात्र संकोचून झावळीच्या टोकाला बसला होता. तिथलंच एक पिल्लू त्याच्याजवळ आलं आणि म्हणालं, "आजोबा, आत या ना. कडेला वारा लागतो."