पेवातला दिवा

नको म्हणत होतो. वाचनालयाच्या मंडळींनी दंडाला धरून उभं केलं. म्हणे, मनावर काहीतरी सांगा. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी, मनावर काय सांगणार? ऐका आता, आणि मध्ये खोकू नका.

एकदा एक धान्याचा व्यापारी होता. माणूस भला, पण लेक खिदळली, की अंगात कुणी शिरल्यासारखा त्याचा हात उठे. मग तिच्याच उशाशी बसून रडे. शेवटी बायकोनं निक्षून सांगितलं, "पुन्हा हात उठला, तर लेकीला घेऊन मी माहेरी निघाले."

एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. अंगणात बापाच्या वेळचं पेव होतं. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, कधीचं बंद. भरदुपारी त्यातून त्याला मूल मुसमुसताना ऐकू येई. घरात दुसऱ्या कुणाला नाही. तो पेवाच्या तोंडावर शेणमातीचा आणखी एक थर लिंपी. आवाज तेवढ्यापुरता थांबे.

गावाबाहेर एक वृद्ध ज्ञानी राहत असे. व्यापाऱ्यानं त्याचे पाय धरले, उठणारा हात आणि पेवातला आवाज दोन्ही सांगून टाकले. "बाबा, शिष्य करून घ्या. मंत्र द्या, ताईत द्या."

"ताईत म्हणजे आणखी एक थर," वृद्ध म्हणाला. "झाकण काढ."

दोघं अंगणात आले, लिंपण फोडलं, पेवाच्या तोंडावरची शिळा सरकली. आंबूस वाफ वर आली, आणि तिच्याबरोबर हुंदका. व्यापारी तसाच आत उडी घ्यायला निघाला. वृद्धानं त्याचं मानगूट धरलं.

"गाढवा! कोंडलेल्या हवेत उतरून माणसं मरतात, हे धान्यवाल्याला मी सांगू?"

त्यानं दोरीला दिवा बांधून आत सोडला. थोडा खाली गेला अन् विझला.

"आज इथवरच. आता बस आणि बोल."

"काय बोलू?"

"हुंदका ऐकून जे आठवेल ते."

व्यापारी रोज काठाशी बसे. आधी नुसता बाजारभाव बोलला. वृद्ध जांभया देई, पण उठून जात नसे. मग बोलण्यात बाप आला, आणि बोलणं अडखळू लागलं. दिवा अधिक खोल जाऊन विझू लागला.

"किती दिवस हे, बाबा?"

"घाई असेल तर लिंपून टाक."

चार महिने सरले. एका सकाळी दिवा तळाला टेकला आणि जळत राहिला. वृद्धानं शिडी लावली, व्यापाऱ्याच्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक मुठीत धरलं. "उतर आता."

तळाशी कुणीच नव्हतं. कुजका भुसा, आणि भिंतीवर लहानग्या बोटांचे ओरखडे. त्यांतली करंगळीची रेघ वाकडी होती. व्यापाऱ्यानं आपली वाकडी करंगळी तिच्यावर टेकवली. पुढचा हुंदका त्याच्याच गळ्यातून आला.

"बाबा! मी हसलो म्हणून बापानं मला इथं कोंडलं होतं!"

वर आल्यावर त्यानं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं. असतं तरी सांगितलं नसतं. लिंपलेलं मरत नाही रे, आंबतं. त्याला वारा लागू द्यावा लागतो. आणि वर कुणी दोरी धरलेली असली, तरी उतरायचं आपल्याच पायांनी."

"आता हात उठणार नाही ना?"

"उठेल. पण तो कुणाचा, हे तुला दिसेल."

सायंकाळी लेक खिदळली. हात उठला. तिनं भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. हात हवेत थांबला, खाली आला. व्यापारी तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"कशाला हसलीस गं? मलाही सांग की."

बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा उघडला, आणि सांगू लागली.

ज्याला आतून असं काही ऐकू येतं, त्यानं लिंपत बसू नये. नीट ऐकणारा माणूस शोधावा आणि त्याच्यापाशी टिकून बसावं. झालं, संपलं. आणि ते पुढच्या रांगेतले दत्तोबा सांगळे, पारावर चारचौघांत मला खोटारडा म्हणाले होते, त्यांनी अजून माफी मागितलेली नाही.