तेवढ्यापुरता प्रिंटर

"पण मी परत ठेवतो ना, सर? मग चूक माझी कशी?"

ओजस ढवळेचा आवाज चढला होता. घैसास सरांकडे प्रोग्रॅमिंग शिकून गेलेल्या मुलांत तो सगळ्यात हुशार. आणि ही गोष्ट सरांच्या आधी त्याची त्यालाच कळली होती. आज मात्र तो घाबरून आला होता.

"काय परत ठेवतोस?" सरांनी विचारलं.

"डिफॉल्ट प्रिंटर. कॉम्प्युटरवरून काहीही छापलं की ज्यावर जातं, तो. रक्तपेढीत पिशव्यांची लेबलं छापायची असली की माझा प्रोग्रॅम त्याचं नाव लक्षात ठेवतो. त्या जागी लेबलच्या प्रिंटरचं नाव घालतो, छापतो आणि जुनं नाव परत लावतो. चुटकीसरशी."

"मग सकाळी काय झालं?"

"नेमक्या त्या वेळात रक्तपेढीतल्या रेश्माताईंनी त्याच कॉम्प्युटरवरून, दुसऱ्या प्रोग्रॅममधून एक रिपोर्ट छापायला टाकला. पेशंटला कोणती पिशवी चालेल, त्याचा. तो गेला लेबलच्या प्रिंटरवर. एवढ्याशा स्टिकरवर अर्धीमुर्धी अक्षरं... आणि ताई नेहमीच्या प्रिंटरपाशी कागदाची वाट बघत उभ्या. सिझेरियनला घेतलेली बाई रक्तासाठी खोळंबली."

"आता कशी आहे?"

"माहीत नाही. रिपोर्ट पुन्हा छापला, रक्त वर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलंय. काही कळलं की मेसेज करते म्हणाल्या."

"फक्त आपल्या लेबलापुरतं प्रिंटरचं नाव सांगता येत नव्हतं?"

"येत होतं. पण मग माप, समास, सगळंच आपण मांडत बसायचं. हे दोन ओळींत भागलं." मग तो म्हणाला, "आणि सर, वर्षभरात हे एकदाच झालंय. रेश्माताईंनीही क्षणभर थांबायला हवं होतं."

"त्यांना सांगितलं होतंस?"

"...नाही."

"आण बघू तुझा प्रोग्रॅम."

ओजसने छापून आणलेले कागद पुढे केले. सरांनी खिसे चाचपले. चष्मा आतल्या खोलीत राहिला असावा. त्यांनी हात लांब केला, ओजसच्या नाकावरचा चष्मा काढला आणि आपल्या डोळ्यांना लावला. सरांना वयामुळे जवळचं दिसत नसे, ओजसला लहानपणापासूनच.

"सर..."

"देतो परत."

सर वाचू लागले. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून.

टेबलावरचा मोबाइल थरथरला.

ओजसने तो झडप घालून उचलला. लांब धरला, जवळ आणला, डोळे बारीक केले. अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या.

"सर, मेसेज आलाय. रेश्माताईंचाच असणार. चष्मा द्या ना."

सरांनी पान उलटलं.

"सर, ती बाई... काय लिहिलंय ते तरी बघू द्या."

"थांब जरा," सर कागदावरून नजर न काढता म्हणाले. "माझं वाचून झालं की लगेच देतो."