मुक्या भोयांची पालखी

राणीसरकारांची पालखी घाटातून न्यायची होती, म्हणून मलोजी नाईक नव्या भोयांना तालीम देत होता. पालखीच्या आडोशामुळे मागच्यांना वाट दिसत नाही. तेव्हा पुढच्यांनी खड्डा, चिखल, वळण ओरडून सांगायचं आणि मागच्यांनी हुंकार भरायचा, अशी त्याची रीत.

तो गलका ऐकून दिवाण अनंतपंत खवळले. "ही तालीम आहे की बाजार? यापुढे कोणी तोंड उघडलं, तर तुझ्यासकट सगळ्यांना घरी पाठवीन!"

मलोजीने मान लववली. "जशी आज्ञा. पण ही मुकी पालखी राणीसरकारांच्या आधी आपण पारखून घ्यावी."

पंत ऐटीत पालखीत बसले. भोई गुपचूप निघाले. ओढ्यात पुढच्यांनी एक दगड मुकाट्याने ओलांडला आणि मागचे थेट त्याच्यावरच धडकले. पालखी कलली, तसे पंत दांडी कवटाळून किंचाळले, "अरे मागच्यांनो, दगड! डावीकडे व्हा, डावीकडे!"

मागच्यांनी सवयीने हुंकार भरला आणि पालखी सावरली.

मलोजी हात जोडून म्हणाला, "धन्य आहे, पंत! यांना शिकवायला मला अख्खा उन्हाळा लागला. आपण एका ओढ्यात शिकलात!"