वर बांधलेली वलणी

एकदा एका वैद्यांच्या दारात बैलगाडी येऊन थांबली. गाडीतून आधी भांडण उतरले, मग माणसे उतरली. भांडत होत्या द्वारकाबाई, शेजारच्या गावातल्या सर्वांत वयस्क बाई. पाठ खांद्यांखालून कमानीसारखी वाकलेली, मान पुढे आलेली, नजर जमिनीला लागलेली. आवाज मात्र खणखणीत होता. मुलगा महादू एका बाजूने आणि सून अनुसया दुसऱ्या बाजूने त्यांना धरून उतरवत होते, आणि मला पोत्यासारखे उचलू नका असे बाई दोघांनाही बजावत होत्या.

वैद्य वृद्ध होते आणि मोजके बोलत. त्यांचा शिष्य मात्र विद्या नुकतीच अंगात भिनल्यामुळे भलताच उत्साही होता. पाहुण्यांनी पाणी पिण्याआधीच त्याने बाईंना भिंतीला पाठ लावून उभे केले आणि डोके व भिंत यांच्यामध्ये किती अंतर राहते ते वितीने मोजू लागला. अंतर बरेच भरले. त्याने लगेच तेले, लेप, पाठीला बांधायच्या पट्ट्या अशी यादी म्हणून दाखवली. वैद्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि बाईंना विचारले, की नेमके काय अडले आहे.

अडले होते ते असे. त्यांच्या गावी देवीच्या देवळापुढे दगडी दीपमाळ होती. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला तिचे वरचे दिवे तरुण मुले चढून लावत. पण पहिला दिवा डोक्याहून जरा उंच असलेल्या दगडी हातावरचा, आणि तो गावातल्या सर्वांत वडील बाईने जमिनीवर उभे राहून आपल्या हाताने लावायचा. तो लागल्याशिवाय दुसरी वात पेटत नसे. गेल्या वर्षी द्वारकाबाईंचा हात पोचला नाही. महादूने मागून कमरेला धरून उचलले, तेव्हा कुठे दिवा लागला. यंदा गावाने ठरवले, की द्वारकाबाईंनी पायथ्याशी एक पणती लावावी आणि पहिला मान त्यांच्या धाकट्या जावेला द्यावा. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, आणि म्हणूनच बाईंना ते अधिक लागले होते.

"पाठ सरळ करा म्हणत न्हाई मी, वैद्यबुवा," त्या म्हणाल्या. "माझा हात तेवढा पोचवा."

वैद्यांनी त्यांच्या मणक्यांवर बोटांनी हलके ठोकून पाहिले, कुठे कळ येते का ते विचारले. कळ नव्हती. मग त्यांनी औषधाचा डबासुद्धा उघडला नाही. उद्या तुमच्या घरी येतो, एवढेच म्हणाले. शिष्याला वाटले, गुरुजींना काही सुचले नसावे.

दुसऱ्या दिवशी घर पाहिले तेव्हा शिष्याचे मन भरून आले. काय ती सेवा! अनुसयेने मोठ्या अभिमानाने सगळे दाखवले. आत्याबाईंना मान वर करावी लागू नये म्हणून कपड्यांची वलणी छातीइतकी खाली घेतली होती. फडताळ रिकामे करून मिठाची बरणी, पानाचा डबा, पाण्याचा तांब्या, सारे जमिनीवर मांडले होते. पाटावरून उठायचे झाले तर महादू किंवा अनुसया काखेत हात घालून उठवत. देवळात जायचे कामही अनुसयेने स्वतःकडे घेतले होते. अशी सून गावात दुसरी नव्हती, आणि हे तिला स्वतःलाही ठाऊक होते.

वैद्यांनी सारे पाहिले आणि म्हणाले, "वलणी वर बांधा. बाईंची बोटे जेमतेम टेकतील इतकी वर."

वैद्य पुढे सांगतच राहिले. तांब्या आणि मिठाची बरणी फडताळात, डोळ्यांच्या रेषेत ठेवायची. पाटाऐवजी आधी उंच चौरंग द्यायचा, मग बुटका, मग पाट. पण उठायचे आपल्या पायांच्या बळावर. दिवसातून काही वेळा भिंतीला टेकून उभे राहायचे, हनुवटी आत घ्यायची, हात जितके जातील तितके वर न्यायचे. देवळापर्यंत रोज पायी. वाकून केर काढायचा नाही, जड घागर उचलायची नाही, आणि कळ आली की थांबायचे.

अनुसयेचा संताप अनावर झाला. "म्हातारीला तहान लागली तर तिनं टाचा उचलायच्या व्हय? मी घरात कशाला हाय मग?"

"तुम्ही शेजारी उभे राहायचे," वैद्य म्हणाले. "पडू द्यायचे नाही. पण त्या उठत असतील तोवर हात द्यायचा नाही."

परतीच्या वाटेवर शिष्य चार पावले मागेच चालला. एका वाकलेल्या म्हातारीचे पाणी वर ठेवायला सांगणारा गुरू आपण निवडला, याचे त्याला मनापासून वाईट वाटत होते. गावानेही वैद्यांना नावे ठेवली. स्वतः द्वारकाबाईंनी पहिले काही दिवस त्यांना इतक्या शिव्या घातल्या, की त्या ऐकायला शेजारणी मुद्दाम येऊन बसत.

पण नवरात्रात एक दिवस त्या घरातून मोठी हाक आली. महादू खळ्यातून धावत आला, त्याला वाटले आई पडली. आई पाटावर बसली होती. सगळे जमल्याची खात्री करून तिने पाय रोवले, अंग पुढे घेतले, आणि कोणाचा हात न धरता उठून उभी राहिली. मागून आलेल्या जावेने पाहिले नव्हते, म्हणून तिच्यासाठी पुन्हा बसली आणि पुन्हा उठली. त्या दिवशी घरात गोड झाले.

त्रिपुरीच्या दिवशी द्वारकाबाईंच्या घरी शिष्याने आशेने पुन्हा अंतर मोजले आणि त्याचा चेहरा पडला. फार तर बोटभर फरक होता. "गुरुजी, बाक आहे तसाच आहे हो," तो म्हणाला. वैद्य म्हणाले, चल, देवळात जाऊ.

दिवेलागणीला दीपमाळेभोवती सारा गाव लोटला होता. ढोल थांबले होते. जाऊ बाजूला तयारीत उभी होती. बाईंचा हात पोचला नाही तर मान तिचा, असे पंचांनी मान्य केले होते. द्वारकाबाई गर्दीतून चालत आल्या. हातात पेटता काकडा. त्यांनी हात वर केला. काकडा दगडाला घासला आणि खाली आला. वात बोटभर वर राहिली होती.

गर्दीतून हळहळ उमटली. महादूला राहवले नाही. तो पुढे झेपावला, आणि तितक्यात कोणीतरी मागून त्याचा सदरा घट्ट धरला. त्याने वळून पाहिले. अनुसया होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण मूठ सुटत नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "अजून आत्याबाईंचं झालं न्हाई."

द्वारकाबाईंनी श्वास घेतला. हनुवटी आत घेतली, पाय फाकवून रोवले, टाचा उचलल्या, आणि त्या वाकलेल्या पाठीतून जेवढी उंची निघण्यासारखी होती तेवढी सगळी काढली. वात पेटली! ढोल असे कडाडले की झाडांवरची पाखरे उडाली, पोरे दीपमाळेवर सरसर चढू लागली, आणि जावेने सर्वांच्या आधी बाईंना मिठी मारली.

शिष्याला मात्र कोडे सुटत नव्हते. कणा तर सरळ झाला नाही, मग हात पोचला कसा?

वैद्य म्हणाले, "तू बाक मोजलास. बाई काय मागत होत्या, ते ऐकले नाहीस. म्हातारपणी हाडे खचतात, कणा वाकतो, आणि तो वाकला की चालणे, उठणे, तोल सांभाळणे जड होते, हे खरेच आहे. ते सगळे मला परत आणता येत नाही. पण या घराने प्रेमापोटी प्रत्येक वस्तू खाली आणली. वर पाहण्याचे कारण उरले नाही, उठण्याचे उरले नाही. मग जे बळ शिल्लक होते तेही निजले. आपण फक्त ते जागे केले."

"म्हणजे औषध द्वारकाबाईंना दिलेच नाही म्हणायचे?"

"दिले. पण त्यांचे सोपे होते. अवघड औषध दुसरीने घेतले," वैद्य म्हणाले आणि त्यांनी गर्दीत बोट दाखवले. अनुसया अजून नवऱ्याचा सदरा धरूनच उभी होती. सोडायचे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

शिष्याने तिच्या त्या मुठीकडे पाहिले. आपणही आज घरी गेल्यावर म्हाताऱ्या आईच्या हातात पाणी नेऊन देण्याआधी क्षणभर थांबावे आणि ती उठते आहे का, ते पाहावे, असे त्याने ठरवले.