चिखलीचे बारसे

एकदा एक शंखांचे जाणकार होते. समुद्रातल्या गोगलगायींची नावे निश्चित करण्यात त्यांचे आयुष्य गेले. ऐकायला हे काम सोपे वाटते, पण त्यातली गुंतागुंत करणाऱ्यालाच ठाऊक. एकाच गोगलगायीला ती लहान असताना कुणी एक नाव दिलेले, मोठी झाल्यावर दुसऱ्याने दुसरे, आणि किनाऱ्यावर झिजून पडलेला शंख पाहून तिसऱ्याने तिसरे. असल्या चारशे नावांचा गुंता जाणकारांनी सोडवला आणि ती एकशे दहावर आणली. त्यांच्या सूचीला मान मिळाला, सभेत शाल-श्रीफळ मिळाले. खरे सांगायचे तर नावे कमी करण्याची त्यांना गोडीच लागली होती. ज्या गोष्टीबद्दल शाबासकी मिळते ती माणूस जरा जास्तच करू लागतो. विद्वान त्याला अपवाद नसतात.

त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. संग्रहालयाच्या कपाटात, अगदी तळाशी, तिला स्पिरिटची एक बाटली सापडली. छत्तीस वर्षांत ती कोणी उघडली नव्हती. त्या काळी शंख उकळून आतला जीव फेकून देत आणि स्वच्छ, रिकामा शंख तेवढा पेटीत ठेवत. ही बाटली मात्र तशीच राहून गेली होती, आत मांसासकट गोगलगायी. शिष्येने त्यांतल्या एकीची जीभ सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांच्या ओळी असतात, आणि जातीजातीप्रमाणे त्या बदलतात. या ओळी सूचीतल्या वर्णनाशी मुळीच जुळेनात. गुरूंनी जिच्यापुढे ‘खडकावरचीच जात, चिखलात राहून झिजलेली’ असे लिहिले होते, ती संपूर्ण निराळी जात होती.

शिष्या हरखली, आणि थोडी घाबरलीही. गुरूंची चूक गुरूंनाच दाखवायची होती. मग तिला एक युक्ती सुचली. या नव्या जातीला तिने गुरूंचेच नाव दिले आणि लेखाचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. आपल्या नावाचा एखादा जीव जगात असावा, ही या विद्येतल्या प्रत्येकाच्या मनातली इच्छा असते. जन्मभर नावे पुसणाऱ्या या म्हाताऱ्याला ते भाग्य अजून लाभलेले नव्हते.

गुरूंनी मसुदा दोनदा वाचला.  मग उठून त्यांनी त्या जातीची पेटी काढली, खणाखणातल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि सगळे शंख एका कापडी पिशवीत ओतले.

“सर, अहो, चिठ्ठ्या!” शिष्या जवळजवळ ओरडलीच. चिठ्ठीवाचून शंख म्हणजे त्यांच्या लेखी खडा. प्रत्येक शंखाच्या तोंडात बारीक शाईने क्रमांक होता, म्हणून नुकसान होणार नव्हते. पण असला अनाचार तिने त्या खोलीत कधी पाहिला नव्हता.

“चल,” गुरू म्हणाले.

खाडीच्या तोंडाशी मासेमारांची वाडी होती. तिथे भागीरथी नावाची ऐंशीच्या घरातली बाई अंगणात सुकट निवडत बसली होती. छत्तीस वर्षांपूर्वी गुरूंना शंख तीच आणून देत असे.

“ओळखलंत का, वयनी?”

“वळखलंय. शंखवाले सायब तुमी.”

गुरूंनी तिच्या सुपात पिशवी रिकामी केली. “ह्यातले जे तुम्ही वेगळे शिजवत होतात, तेवढे निवडून द्या.”

बाईने शंखांकडे धड पाहिलेही नाही. बोटाने एकेकाची किनार चाचपत तिने दोन ढीग घातले. “ही खडकी. ही चिखली. खडकी दोन कढ काढले काय शिजता. चिखली कितीय शिजव, चिवट ती चिवट. म्हणान तिचा वाटून सार करूचा.”

शिष्येने क्रमांक वहीशी ताडून पाहिले. दुसऱ्या ढिगातला प्रत्येक शंख खाडीच्या चिखलातला होता. एकही चुकला नव्हता.

“तेवाच सांगलंय तुमका,” बाई म्हणाली. “तुमी हसलात.”

“हसलो होतो,” गुरू म्हणाले.

शिष्येला राहवेना. “आजी, मला जिवंत चिखली हवी आहे. कुठे मिळेल? तिला नाव द्यायचंय.”

बाईने सुपावरचा हात उचलून समोर दाखवले. तिथे बोटींचा नवा धक्का होता, सिमेंटचा, लांबच लांब. “थंय. तेच्या खाली. भराव घातल्यानी तेवा गेली ती. आता कसला नाव देतंस? मेल्यार कोण बारसा करता, चेडवा?”

परतताना गुरू धक्क्यापाशी थांबले.

“हा बांधण्याआधी विचारणा झाली होती,” ते म्हणाले. “या चिखलात असा एखादा जीव आहे का, जो दुसरीकडे नाही? उत्तर माझ्या सूचीवरून गेलं. एकच गोगलगाय, सगळ्या किनाऱ्यावर मुबलक. कुणी खोटं बोललं नाही. मुली, एका जिवाला चार नावं पडली तर आपलं पुस्तक जाड होतं, एवढंच. पण दोन जिवांना एकच नाव पडलं, तर त्यातला एक गेल्याचं कुणाला कळतसुद्धा नाही. मी शंख ठेवत होतो आणि मांस फेकत होतो. ती बाई मांस ठेवत होती. तिला विचारायला माझं काय जात होतं? माझं नाव काढ त्या लेखातून. मला त्याची लाज वाटते.”

त्यांचे डोळे भरून आले होते.  

शिष्येने लेख पुन्हा लिहिला. जातीला वाडीतलेच नाव दिले, चिखली. ‘आढळ’ या रकान्यात तिने खाडीचे नाव लिहिले आणि पुढे दोन शब्द: आता नाही. चूक कोणाची, हे गुरूंनी शेवटी स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली.

पुढच्या सोमवारी दोघे पुन्हा वाडीवर गेले. या वेळी पिशवीत दुसऱ्या पेटीतले शंख होते. सूचीतली अशीच एक जात, तीन नावे पुसून एक केलेली. भागीरथीने सुपात हात घातला, थोडे शंख बाजूला सारले आणि थांबली. गुरू मांडी घालून तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी वही उघडली.

“हे वेगळे कशावरून, वयनी?”

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिले.

“आयकतलात तर सांगतंय,” ती म्हणाली.