जोड्यांचा आवाज

एकदा एका आश्रमात एक तरुण शिष्य आला आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे निघून गेला. तो रेशमाच्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्या आश्रमात अवधानाची साधना चाले. डोळे मिटून बसायचे आणि भोवतालचा प्रत्येक ध्वनी टिपायचा. इतरांना वर्षानुवर्षे जे साधत नव्हते, ते याला आल्या दिवसापासून येत होते. दाराकडे पाठ करून तो सांगे, "स्वयंपाकी आलेत, आणि आज कुणावर तरी चिडलेत." पाहावे तर खरेच स्वयंपाक्याचे तोंड फुगलेले असे. बाकीचे शिष्य माना डोलवत, पूर्वजन्मीचे पुण्य म्हणत. वृद्ध गुरुजींनी मात्र त्याचे एकदाही कौतुक केले नाही.

एका सकाळी त्यांनी त्याला जवळ बोलावले. "बाळ, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही, गुरुजी. घरीच सवय लागली," तो जरा अभिमानानेच म्हणाला. "बाबा संध्याकाळी पायरीवर जोडे काढायचे. दोन्ही जोडे पाठोपाठ खाली पडले, तर त्या दिवशी आम्ही सगळे जेवायचो. एक पडून दुसऱ्याला वेळ लागला, तर आईशी भांडण ठरलेलं. आणि जोडा भिंतीवर आपटला, की मी धाकट्या बहिणीला, वेणूला, उचलून माडीवर पळायचो. मग खाली ताटं भिरकावल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी सोनार यायचा, आईसाठी नवा दागिना घेऊन. पण जोड्यांचा आवाज ओळखण्यात माझी कधी चूक झाली नाही."

 दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला साधनेतून उठवले आणि शहरातल्या तांबट आळीत राहायला पाठवले. तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हंड्या-घागरींवर हातोडे पडत असतात आणि शेजारी बसलेल्याशी बोलायचे तरी ओरडावे लागते.

"माझं काय चुकलं, गुरुजी?" शिष्याने रडवेल्या स्वरात विचारले.

"काही नाही. तिथे राहा, काम शीक, पोटभर जेव."

आश्रमात कुजबुज सुरू झाली. असा कान सगळ्या पंचक्रोशीत नाही आणि म्हातारा त्याला ठोकाठोकीत नेऊन बसवतो, म्हणे! तांबट आळीत तर शिष्याची अवस्था बिकट झाली. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसे. कोण येते, कोण जाते, काहीच ऐकू येईना, म्हणून घास घशाखाली उतरेना. शेवटी त्या घरची तांबटीण त्याच्या कानाशी ओरडली, "अरे, जेव की निवांत! कोण येणारे इथं तुला खायला?" त्याने दाराकडे पाहत पाहतच एक घास उचलला.

इकडे काही महिन्यांनी मुलाची कीर्ती व्यापाऱ्याच्या कानी गेली. या गृहस्थाविषयी राग आवरून बोलणे मला जमणार नाही, आणि त्याच्या गावाविषयी तर त्याहूनही नाही. गावाने त्याच्या पंगती झोडल्या, त्याच्या बायकोच्या अंगावरचे दागिने डोळे विस्फारून पाहिले. ताटे आपटल्याचे आवाज शेजाऱ्यांना ऐकू येत नव्हते असे नाही. गरिबाच्या घरात एवढा आरडाओरडा झाला असता, तर हेच लोक उपदेश करायला धावत गेले असते. इथे भिंती जाड होत्या आणि पंगती मोठ्या होत्या. मुले कधी चेहरा पाडून बसलेली दिसली, तर हीच मंडळी त्यांना म्हणत, "तुम्हाला रे काय कमी आहे?" एखाद्या लेकराचे तोंड बंद करायला याहून निर्दय वाक्य मला माहीत नाही.

तर व्यापारी पेढ्यांच्या टोपल्या घेऊन आश्रमात आला. "महाराज, आता मुलाला घेऊन जातो. पेढीवर बसवतो. माणूस पायरी चढतानाच हा ओळखेल, एक गिऱ्हाईक हातचं जायचं नाही. शेवटी आमच्या घरची शिस्त आहे ती!"

 गुरुजींनी काठी उचलली आणि ते त्याला तांबट आळीत घेऊन गेले.

मुलगा रस्त्याकडे पाठ करून बसला होता. तांबटांच्या पोरांबरोबर भाकरी खात होता आणि कशावर तरी मोठमोठ्याने हसत होता. व्यापारी त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. मुलाला पत्ता नाही!

"नासवलंत तुम्ही माझ्या पोराला!" व्यापारी कडाडला. "बाप पाठीशी उभा आहे तरी याला कळत नाही!"

आता गुरुजींचाही आवाज चढला. "शेठ, शांत घरातल्या मुलाला बाप आल्याचं कळतच नसतं. ते खेळत असतं, बापालाच हाक मारावी लागते. तुम्ही चोर येऊ नये म्हणून फाटकावर पहारेकरी ठेवलात. आत तुमची दोन लेकरं पहारा देत होती, ती तुमच्या भीतीनं! फाटकावरच्याला पगार होता, त्याची पाळी बदलत होती. यांना सुट्टी कोण देणार होतं? सशाचा कान हौसेनं तीक्ष्ण होत नाही. आणि त्या कानाचं श्रेय घ्यायला तुम्ही पेढे घेऊन येता?"

"मी याला काय दिलं नाही ते सांगा!"

"सगळं दिलंत. दाराकडे पाठ करून जेवता येईल, एवढा भरवसा तेवढा दिला नाहीत. तो द्यायला मला त्याला या गोंगाटात आणून टाकावं लागलं."

एवढ्यात मुलाने वळून पाहिले. त्याचे हसू जागच्या जागी थांबले. हातातली भाकरी ताटात ठेवून तो ताडकन उठला. त्याची नजर बापाच्या चेहऱ्याकडे गेली नाही, पायातल्या जोड्यांकडे गेली. व्यापाऱ्याने ते पाहिले.

"बाबा," तो म्हणाला. हातोड्यांच्या आवाजात ते विरून गेले, म्हणून त्याला पुन्हा ओरडून बोलावे लागले. बापापुढे तो जन्मात प्रथमच मोठ्याने बोलत होता. "बाबा, मी येणार नाही! पण मी नसताना वेणू एकटीच जोडे ऐकते का?"

 व्यापारी आल्या पावली परत फिरला.

त्या संध्याकाळी त्याने गाडी नाक्यावरच सोडली आणि तो पायी घराकडे आला. आतून वेणूचा आवाज येत होता. ती कुणाची तरी नक्कल करत होती आणि तिची आई खळखळून हसत होती. बायकोचे हे हसणे त्याने या घरात कधी ऐकले नव्हते. त्याने फरसबंदीवर एक पाऊल टाकले. जोडा करकरला, आणि हसणे मध्येच तुटले. पाठोपाठ माडीच्या जिन्यावर लहान पावले धावत गेली. ज्या शांततेला तो पाहुण्यांपुढे शिस्त म्हणून मिरवत आला होता, ती हीच होती. तो तिथेच अंगणात जोडे काढून अनवाणी उभा राहिला. आत जायचे धैर्य त्याला होईना.

एवढ्याने त्याला सगळे माफ झाले, असे मी म्हणणार नाही. माफ करणे न करणे त्या माडीवरच्या मुलीच्या हाती आहे. आज संध्याकाळी आपण घरी जाल, तेव्हा कडी वाजवण्याआधी क्षणभर थांबा, आणि आपली चाहूल लागल्यावर आत काय थांबते ते ऐका.