पाच वाजून अकरा मिनिटं

“त्या मंगळवारी तू काय काय केलंस?” घोंगडे मास्तरांनी विचारलं.

मकरंदला प्रश्नच समजला नाही. आईच्या घरचा कॉम्प्युटर स्कूटरवर बांधून तो मास्तरांच्या टायपिंग क्लासात आला होता. त्याला फक्त विंडोजची सीडी हवी होती. वडील गेले त्या मंगळवारनंतर मशीन बिघडलेलं दिसलं, एवढंच तो बोलला होता. बारा वर्षांपूर्वी हे मशीन मास्तरांनीच त्याच्या वडिलांना जुळवून दिलं होतं, म्हणून सीडी त्यांच्या कपाटात.

“सकाळी नऊला आईचा फोन आला,” तो म्हणाला. “मी डबा भरत होतो. भेंडीची भाजी, दोन पोळ्या. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. आई म्हणाली, अण्णा गेले. मी आधी गॅस बंद केला... मग बसलो.”

“मग?”

“मग पुण्याहून निघालो. दीडला बार्शीत. मास्तर, ह्याचा आणि ह्या मशीनचा काय संबंध?”

मास्तरांनी मशीन टेबलावर ओढलं. “सीडी कशाला हवीय?”

“फॉरमॅट मारायचाय. सगळं पुसून नव्यानं.”

“असं झालंय तरी काय?”

मकरंदनं टाइपरायटरांवरच्या खोळींकडे बघितलं. “जाहिराती येतात.”

“त्या कुठं येत नाहीत?”

“ह्या... तसल्या आहेत.”

मास्तरांनी वायरी जोडल्या. मकरंदच्या मोबाइलवरून नेट घेतलं. मिनिटभरात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. एका बाईचा फोटो, आणि खाली: तुमच्याशी बोलायला कुणीतरी वाट पाहतंय.

ती बंद केली. दुसरी आली. बार्शीतल्या एकट्या स्त्रिया.

मास्तरांनी चष्मा लावला. “ही काही बार्शीची वाटत नाही.”

मकरंद हसला नाही.

“बाराव्याला आईनं फोटो दाखवायला कॉम्प्युटर लावला. आत्या होती, मामा होते. सगळ्यांसमोर हे आलं.”

“बरं.”

“आईनं कॉम्प्युटर बंद केला. रात्री विचारलं, हे कुणालाही येतं का रे? आता काय सांगू? मागच्या दिवाळीत मीच तिला शहाणपण शिकवलं होतं. माणूस जे बघतो, त्याच्याच जाहिराती त्याला येतात.”

मास्तरांनी तीही चौकट बंद केली.

“काल बघितलं तर अण्णांच्या फोटोपुढं दिवा नव्हता. विचारलं, तर म्हणाली, वाती संपल्यात.”

मकरंदचे वडील चौतीस वर्षं पोस्टात होते. उघडं पोस्टकार्ड हातात आलं तरी पत्त्याच्या बाजूनंच धरायचे. गावात त्यांची ही गोष्ट सांगितली जायची.

“फॉरमॅट मारला की विषय संपला,” मकरंद म्हणाला.

“जाहिराती जातील.”

“मग अजून काय पाहिजे?”

“घर धुवून काढलं की पावलंही जातात,” मास्तर म्हणाले. “मग कोण येऊन गेलं, ते कसं कळायचं?”

मकरंदचा आवाज चढला. “मास्तर, मी अठरा वर्षं ह्याच धंद्यात आहे. बँकांच्या सिस्टिम सांभाळतो. कळायचंच असेल तर हिस्टरी उघडतो. अण्णा काय बघत होते ते तिथं असणार. एकदा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे.”

त्याचा हात माउसकडे गेला.

“थांब. आधी मंगळवार पुरा कर. दीडला आलास. पुढं?”

“चारपर्यंत स्मशानातून परत. मग पेपरात निधनवार्ता द्यायची होती. सहाच्या आत. पेपरवाला म्हणाला, तुमचा फॉन्ट आमच्याकडं चालत नाही, आमच्या जुन्या फॉन्टात पाठवा. मग फॉन्ट बदलायचं काहीतरी फुकटचं उतरवलं.”

“कशावर?”

“ह्याच्यावरच. पण मी बघून घेतो, मास्तर. लोक न वाचता बसवतात आणि मग रडतात. ऑफिसात ह्यावर दरवर्षी व्याख्यान मीच देतो.”

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढला.

त्या क्लासातली सगळी मुलं हा पंचा ओळखून होती. अक्षरं न बघता बोटं चालावीत म्हणून मास्तर तो मुलांच्या हातांवर पसरायचे. सोळाव्या वर्षी मकरंदच्या हातांवरही पसरला होता.

आज त्यांनी तो त्याच्या उजव्या हातावर टाकला. हाताखाली माउस होता.

“डोळे मीट. पाच वाजलेत. बाहेर माणसं बसलीत. पेपरवाल्याचा परत फोन आलाय. तुझं ते फुकटचं उतरलंय. बसव.”

“मास्तर, हे काय...”

“बसव.”

मकरंदनं डोळे मिटले.

पंच्याखाली बोट हललं. टक. टक. टक... टक.

“किती झाले?”

“चार.”

“चार ठिकाणी काय लिहिलं होतं? सांग की. व्याख्यान देतोस ना.”

“वाचलं नाही,” मकरंद म्हणाला.

मास्तरांनी पंचा उचलला. मशीनवर बसवलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि तारखेप्रमाणे लावली. सगळ्यांत वर तीन नावं होती. तिन्ही त्या मंगळवारची. पहिलं फॉन्टवालं. उरलेली दोन मकरंदनं कधी पाहिलेली नव्हती. त्यांच्या खाली थेट दोन वर्षांपूर्वीचा प्रिंटर, तोही मास्तरांनीच बसवलेला.

त्या दोन अनोळखी नावांची वेळ मास्तरांनी काढून दाखवली. पाच वाजून अकरा मिनिटं. दोन्हींची तीच.

“अण्णा किती वाजता गेले?”

“साडेआठला.” मकरंद थांबला. “सकाळी.”

शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली.

“म्हणजे त्या बायका...”

“तुझ्या पाहुण्या,” मास्तर म्हणाले. “आगत्यानं बोलावलंयस. चार वेळा.”

मकरंदला हसू आलं. ते थांबेना. मग त्यानं टेबलावरचा पंचा घेतला आणि तोंडावर धरला. मास्तर उठून खिडकीपाशी गेले आणि नसलेली धूळ झटकत बसले.

परत आले तेव्हा म्हणाले, “काढ आता. तूच काढ. मी हात लावणार नाही.”

त्या दोन अनोळखींतलं एक काढायला घेतलं तर पडद्यावर एक मोठं हिरवं बटण आलं: राहू द्या. त्याच्या खाली, दिसेल न दिसेल अशा करड्या अक्षरांत: काढा. मकरंदनं दोन्ही मोठ्यानं वाचली. मग करड्यावर बोट दाबलं.

“नक्की?” त्यानं पुढची ओळ वाचली. “आम्ही गेलो तर तुमचा वेग कमी होईल.”

“बघ बाबा,” मास्तर म्हणाले. “वेग जाईल तुझा.”

दुसरंही गेलं. फॉन्टवालं गेलं. ब्राउझरला चिकटलेली एक पट्टी होती, ती काढली. तीन साइटना चौकटी दाखवायची परवानगी दिलेली होती, त्याच दिवशी. ती रद्द केली. प्रत्येक ओळ तो शाळेतल्या पोरासारखी मोठ्यानं वाचत होता.

मशीन बंद करून परत लावलं. नेट जोडलं. दोघं कोपऱ्याकडे बघत बसले.

दहा मिनिटं झाली. कोपरा रिकामा होता. तिथं अण्णांनी ठेवलेलं चित्र दिसत होतं, बार्शीचं जुनं पोस्ट.

मकरंदनं आईला फोन लावला.

“आई, ते अण्णांचं नव्हतं. मीच केलं ते. अण्णा गेल्यावर, त्याच दिवशी संध्याकाळी. निधनवार्तेच्या गडबडीत. तारीख आहे, वेळसुद्धा आहे. घरी आलो की दाखवतो.”

पलीकडून आईचा आवाज आला. “एवढा शिकलास रे... आणि एवढा वेंधळा?”

“हो.”

“आत्याला तू फोन करायचा. मी नाही करणार.”

“करतो.”

“आणि येताना वाती घेऊन ये. फुलवाती. मागच्या वेळी लांबच आणल्या होत्यास.”

फोन ठेवल्यावर मकरंद जरा वेळ खुर्चीतच बसला. खांदे सैल झाले होते. मग वायरी सोडवायला वाकला आणि मध्येच थांबला.

“मास्तर.”

“बोल.”

“ती हिस्टरी बघायची राहिली.”

मास्तरांनी पंचा झटकला आणि कीबोर्डवर पसरला.

“हो,” ते म्हणाले. “राहिली.”